दोन्याना: पाण्याचं एक वर्ष

[दृश्य: भेगाळलेली राखाडी जमीन, क्षितिजापर्यंत]

सप्टेंबर संपत आलाय. दक्षिण स्पेनमध्ये ग्वादालक्विवीर नदी अटलांटिकला मिळते, तिथला हा प्रदेश. आत्ता इथे थेंबभर पाणी दिसत नाही, पण युरोपातल्या मोठ्या पाणथळींमध्ये गणली जाते ती दोन्याना हीच. हवामान भूमध्यसागरी. आपला पाऊस जूनमध्ये सुरू होतो, इथला तोवर संपलेला असतो. म्हणून इथल्या पाण्याचं वर्ष शरदात उजाडतं.

पहिल्या सरी कुठे जातात कळतही नाही. चिकणमाती पाणी पिते, फुगते, भेगा मिटतात. मग तीच माती पाण्याला खाली झिरपू देत नाही आणि पुढचा पाऊस वर साचू लागतो. चांगल्या वर्षी ऐन हिवाळ्यात हजारो हेक्टर पाण्याखाली असतात. खोली मात्र बहुतेक ठिकाणी माणूस चालत जाईल एवढीच.

[दृश्य: पहाट. वाळूच्या टेकडीवर उतरणारे कलहंस]

या उथळ पाण्यावरच सारं जगतं. उत्तर युरोपातून आलेले कलहंस चिखलात चोच खुपसून लव्हाळ्यांचे कंद उकरतात. कंद कठीण आणि पक्ष्यांना दात नाहीत. म्हणून हंस पहाटे शेजारच्या वाळूच्या टेकड्यांवर जातात आणि चक्क वाळू गिळतात. पोटातल्या पेषणीत त्या वाळूनेच कंद भरडले जातात. दलदल आणि वाळू इतक्या जवळ आहेत, म्हणून हे साधतं. सोबत थापट्या, चक्रांग, तलवार बदकं असतात. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्यांच्या ती ओळखीची आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये पाणवनस्पतींना पांढरी फुलं येतात, इतकी की खालचं पाणी झाकून जातं. काठावरच्या जुन्या बुचाच्या ओकवृक्षांवर बगळे आणि चमचा पक्षी घरटी बांधतात. त्यांच्या विष्ठेने ही झाडं हळूहळू मरतात, हेही सांगायला हवं. रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, पिल्लं इथे नसतात. ती लांब, फुएंते दे पिएद्राच्या खाऱ्या सरोवरात वाढतात आणि आईबाप चाऱ्यासाठी रात्री इथवर उडत येतात.

[दृश्य: धुळीचे लोट. घोड्या आणि शिंगरं]

२६ जून. अल्मोन्ते गावचे घोडेपालक दलदलीत मोकळ्या सोडलेल्या घोड्या हाकत बाहेर आणतात. कळप एल रोसिओच्या मातेच्या चर्चवरून गावाकडे जातो. तिथे घोड्यांची आयाळ कापतात, शिंगरांवर डाग देतात. या प्रथेची नोंद १५०४ पासून आहे. घोड्या बाहेर येतात तोवर पाणी आटलेलं असतं. उरल्यासुरल्या डबक्यांत मासे अडकतात आणि करकोच्यांची चंगळ होते.

ऑगस्टमध्ये दलदल ठणठणीत कोरडी. हे बघून हळहळायचं कारण नाही. तिचं आटणं तिच्या वर्षातच बसतं.

[दृश्य: सांता ओलाया तळ्याचा उघडा तळ]

काळजी आहे ती वाळूतल्या तळ्यांची. त्यांचं पाणी वाळूखालच्या भूजलातून येतं. म्हणून दलदल सुकली तरी सांता ओलायासारखं मोठं तळं टिकायचं आणि उन्हाळ्यात पक्षी, हरणं, कासवं त्याच्या आसऱ्याला यायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते पूर्ण आटलं. २०२३ मध्ये पुन्हा. दुष्काळ होताच, पण जमिनीखालचं पाणी त्याआधीपासून उपसलं जात होतं: स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिकखालच्या शेतांसाठी, काही ठिकाणी बेकायदा विहिरींतून, आणि मातालास्कान्यास या किनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळासाठी. दोन्याना १९६९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण हद्दीबाहेर उपसलेलं पाणी हद्दीतल्या तळ्यांचंच असतं. २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने याबद्दल स्पेनला दोषी ठरवलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पेन सरकार आणि आंदालुसिया प्रांत यांनी १४० कोटी युरोंचा करार केला. सिंचन सोडणाऱ्या शेतकऱ्यांना त्यातून भरपाई मिळणार आहे. माझ्या मते खरी वाट हीच आहे, कारण स्ट्रॉबेरीवर इथल्या हजारो मजुरांचं पोट चालतं आणि नुसत्या बंदीने ते भरणार नाही. दलदल एका चांगल्या हिवाळ्यात भरते. तळ्यांना वेळ लागेल: आधी उपसा कमी व्हायला हवा, मग वाळूखालची पातळी वर यायला हवी, आणि मगच सांता ओलायाचं पाणी ऑगस्टपर्यंत टिकेल.