गारा आणि जास्वंदीवरचं घर

(गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचं आवार. जास्वंदीची फांदी, अगदी जवळून.)

मार्चअखेरचं नाशिक. द्राक्षांची काढणी उरकत आलीय आणि दुपारचं ऊन चटके देतंय. फांदीला लोंबणारा हा कचरा झटकून टाकू नका. हे शिंजिराचं घरटं आहे.

बांधणारी मादी आठ-दहा ग्रॅमचीसुद्धा नसेल. आधी कोळ्याचं जाळं. ते चोचीत गुंडाळून आणायचं आणि फांदीला वेढे देत चिकटवायचं. मग गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळकी पानं, सुरवंटांच्या लेंड्यासुद्धा. आता पाहा, ती स्वतः आत शिरली. अंगानं रेटून रेटून पोकळी करतेय. दार बाजूला, दारावर छोटासा छज्जा. आत कापसाचं अस्तर. चमकदार जांभळा नर बांधकामाला चोच लावत नाही. तो तारेवर बसून गातो. अंडी बहुतेक वेळा दोन, आणि ती उबवतेही तीच एकटी. पिल्लं बाहेर आली की मात्र नरही भरवायला येतो.

या घरच्या आजींनी माळीदादांना बजावलंय, ‘घरटं रिकामं होईस्तोवर जास्वंदीला कात्री लावायची नाही.’ अशा आज्या प्रत्येक कॉलनीत हव्यात.

(काळवंडलेलं आकाश. पत्र्यावर गारा.)

तापलेल्या जमिनीवरची हवा वर झेपावते, तिला समुद्रावरून आलेलं बाष्प मिळतं आणि वर गार हवा असते. ढग उंच चढतो. त्यातले थेंब शून्याखाली गोठतात, वर-खाली हेलकावत थरांवर थर घेतात आणि वाऱ्याला पेलवेनासे झाले की कोसळतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशाच गारपिटीनं महाराष्ट्रभर पिकं झोडपली. तेव्हा पंचनामे शेतांचे झाले. झुडपांतली घरटी कोणी मोजली नाहीत.

गारांसोबत ढगातली थंड हवाही खाली येते. पारा काही मिनिटांत दहा अंशांनी उतरू शकतो. लिंबावरच्या या फुलोरी मधमाश्या पाहा: पोळ्यावर एकमेकींना बिलगून त्यांनी अंगांचाच पडदा केलाय. फुलपाखरांचे स्नायू गारठले की त्यांना उडता येत नाही. ती पानाखाली चिकटून राहतात. उघड्या अंगाच्या पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. आई पंखाखाली घेऊन बसली तर चारा कोण आणणार? आणि आणायला निघाली, तरी ओल्या हवेत किडे उडत नाहीत.

या घरट्यातली पिल्लं गेली.

(कुंपणाची झुडपं. शिंपी पक्ष्याचं पान शिवलेलं घरटं.)

दाट कुंपणातलं हे शिंप्याचं घरटं मात्र टिकलं. वरच्या पानांनी गारा झेलल्या. म्हणून उन्हाळ्यात कुंपण भादरून टाकू नका; छाटायचंच असेल तर आधी आत डोकावा. वादळानंतर घरटं खाली पडलेलं दिसलं आणि पिल्लं जिवंत असली, तर ते सुतळीनं त्याच फांदीला, दार मोकळं ठेवून बांधा आणि लांब उभे राहा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लांना टाकत नाहीत.