नऊ शहरांचा राइट बॅक

(पडद्यावर: लिव्हरपूलमधलं गुडिसन पार्क. थंडीतली दुपार, गच्च भरलेली गॅलरी.)

१ जानेवारी २००३. प्रीमियर लीगमध्ये एव्हर्टन विरुद्ध मँचेस्टर सिटी. सामना २-२ असा सुटला. इंग्लंडमधल्या माणसाने नव्या वर्षाच्या दिवशी पाहून दुसऱ्या दिवशी विसरून जावा, असाच तो सामना होता. चीनमध्ये मात्र तो पाहण्यासाठी किती लोक टीव्हीपुढे बसले होते, याचे अंदाज तीस कोटींच्याही पुढे जातात.

कारण मैदानावर दोन चिनी खेळाडू समोरासमोर होते. एव्हर्टनच्या निळ्या जर्सीत ली तिए, मिडफिल्डर. सिटीकडून सुन जिहाय, बचावपटू. प्रीमियर लीगमध्ये दोन चिनी खेळाडू एकमेकांविरुद्ध उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. गंमत म्हणजे दोघेही एकाच प्रांतातले, ल्याओनिंगचे. ली तिए शेनयांगचा आणि सुन दालियानचा. घरापासून हजारो मैलांवर एकाच प्रांताची दोन पोरं भेटली होती.

आज आपण त्यातल्या सुनची गोष्ट पाहणार आहोत.

(पडद्यावर: दालियानचं बंदर, पहाटेची वेळ.)

सुन हे आडनाव, जिहाय हे नाव. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो. 'जि' म्हणजे पुढे चालवणं आणि 'हाय' म्हणजे समुद्र. ३० सप्टेंबर १९७७ ला समुद्राकाठच्या दालियानमध्ये जन्मलेल्या मुलाला शोभेल असंच नाव.

दालियान हे फुटबॉलवेडं शहर. चीनमध्ये व्यावसायिक लीग १९९४ मध्ये सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद दालियान वांडाने नेलं. मग १९९६, १९९७, १९९८ असं ओळीने. मधल्या काळात हा संघ लीगमध्ये सलग ५५ सामने हरला नव्हता. सुन पहिल्या संघात आला तो याच सुमारास, १९९५ मध्ये, सतरा-अठरा वर्षांचा असताना. हरायची सवयच नसलेल्या ड्रेसिंग रूममध्ये तो वाढला. पुढे परदेशात बाकावर बसायची वेळ आली तेव्हा तो खचला नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

तो मुख्यतः राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. पण प्रशिक्षकाने सांगितलं तर डावीकडे खेळायचा, मधल्या फळीतही खेळायचा. असा खेळाडू संघाला हवाहवासा असतो, पण पोस्टरवर त्याचा फोटो कधी येत नाही. बचावपटूचं काम घरातल्या बाईच्या कामासारखं. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं की सगळ्यांना दिसतं.

१९९८ मध्ये तो लंडनला गेला, क्रिस्टल पॅलेसकडे. सोबत शांघायचा फान झियी होता, वयाने आठ वर्षांनी मोठा आणि राष्ट्रीय संघातला दरारा असलेला खेळाडू. प्रशिक्षक होते टेरी व्हेनेबल्स. चीनच्या मुख्य भूमीवरून इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलमध्ये आलेले हे पहिले दोघे. क्लबचे नवे मालक पैसा सढळ हाताने उधळत होते आणि तो पैसा त्यांच्याकडे नव्हता. जानेवारीत व्हेनेबल्स गेले, मार्चमध्ये क्लब दिवाळखोरीत निघाला. सुन २३ लीग सामने खेळून १९९९ मध्ये दालियानला परतला. फान मात्र तिथेच टिकून राहिला. पुढे स्कॉटलंडला डंडीकडून खेळला आणि २००१ चा आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

म्हणजे सुनची पहिली खेप फसली. अशा वेळी 'जाऊन आलो' एवढ्यावर समाधान मानणारे बरेच असतात.

(पडद्यावर: वुलीहे स्टेडियम, शेनयांग. रात्रीचे दिवे, लाल झेंडे.)

७ ऑक्टोबर २००१. शेनयांगच्या वुलीहे स्टेडियममध्ये चीनने ओमानला १-० ने हरवलं. गोल यू गेनवेईचा. चीन पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला होता. प्रशिक्षक होते बोरा मिलुतिनोविच. चार वेगवेगळ्या देशांना विश्वचषकाच्या बाद फेरीत नेणारा हा सर्बियन माणूस चिनी लोकांसाठी त्या रात्री देव झाला.

ते स्टेडियम आज नाही. २००७ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून ते पाडलं. पात्रतेच्या रात्रीला तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती. ज्या जागेवर एका देशाने आयुष्यात एकदा मिळणारा आनंद भोगला, ती जागा अशी काही सेकंदांत धुळीत बसते. आपण परके, तरी पाहताना पोटात कालवतं.

विश्वचषक २००२ मध्ये, कोरिया-जपानमध्ये झाला. पहिला सामना ४ जूनला ग्वांगजू इथे कोस्टा रिकाशी. सुन तेव्हा चोवीस वर्षांचा, ऐन भरात. सामन्याच्या २६ व्या मिनिटाला दुखापत होऊन तो बाहेर आला आणि त्याचा विश्वचषक तिथेच संपला. चीन तिन्ही सामने हरला. नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. त्यानंतरच्या पाच विश्वचषकांत चीन नव्हता. म्हणून ती सव्वीस मिनिटं एवढाच सुन जिहायचा विश्वचषक.

(पडद्यावर: मेन रोड, मँचेस्टर. लाल विटांच्या चाळवजा घरांच्या मधोमध उभं राहिलेलं मैदान.)

पण त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट घडून गेली होती. प्रशिक्षक केव्हिन कीगन यांनी त्याला मँचेस्टर सिटीत आणलं. किंमत वीस लाख पौंड.

आजची श्रीमंत सिटी डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हाची सिटी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होती आणि वर चढायला धडपडत होती. मेन रोडच्या भोवती कामगारांच्या घरांच्या ओळी होत्या. चालत जाता येईल इतक्या अंतरावर रशोम, आपल्या उपखंडातल्या खाणावळींनी गजबजलेला रस्ता. त्याला तिथले लोक 'करी माइल' म्हणतात. सामन्याच्या दिवशी त्या भागात पावसाचा, तळणीचा आणि बीअरचा वास एकत्र यायचा.

इथे एक आठवण काढायलाच हवी. त्याच मँचेस्टरच्या उत्तरेला काही मैलांवर बरी नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या क्लबकडून १९९९ पासून आपला बायचुंग भुतिया खेळत होता, तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. २००२ मध्ये तो भारतात परतला. आशियातल्या दोन अवाढव्य देशांची स्वप्नं एकाच वेळी मँचेस्टरच्या त्याच ओल्या हवेत कुडकुडत होती.

सिटीने त्या हंगामात विजेतेपद मिळवलं आणि ती प्रीमियर लीगमध्ये आली. २६ ऑक्टोबर २००२ ला मेन रोडवर बर्मिंगहॅमविरुद्ध सुनने हेडरने गोल केला. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा पहिला चिनी खेळाडू. सिटीने सामना २-० ने जिंकला.

त्या काळात आशियाई खेळाडू आला की इंग्लंडमध्ये एक टोमणा ठरलेला असायचा: याला जर्सी विकायला आणलाय. तिकडे ली तिएच्या एव्हर्टनच्या छातीवर चिनी मोबाइल कंपनीचंच नाव होतं, त्यामुळे या टोमण्याला खतपाणी मिळायचं. जर्सी विकण्यापुरता आणलेला खेळाडू एखाद-दुसरा हंगाम टिकतो. सुन सिटीत सहा वर्षांहून जास्त राहिला. कीगन गेले, स्टुअर्ट पीअर्स आले, तेही गेले, स्वेन-गोरान एरिक्सन आले. प्रत्येक नव्या साहेबासमोर त्याला नव्याने परीक्षा द्यावी लागली आणि प्रत्येकाने त्याला खेळवलं. लीगचे १३० सामने. या आकड्यापुढे जर्सीचा हिशेब गप्प बसतो.

२००३ च्या ऑगस्टमध्ये सिटी नव्या स्टेडियममध्ये गेली. तिथला पहिला अधिकृत सामना युएफा कप या युरोपीय स्पर्धेचा, वेल्सच्या एका छोट्या संघाविरुद्ध. निकाल ५-०. त्या पाचांतला एक गोल सुनचा होता. पुढे याच मैदानावर सिटीने जे काही मिळवलं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्या इमारतीच्या अगदी पहिल्या पानावर दालियानच्या या बचावपटूचं नाव आहे.

(पडद्यावर: तेच स्टेडियम, ऑक्टोबर २००४. संध्याकाळ उतरते आहे.)

१६ ऑक्टोबर २००४. समोर प्रशिक्षक जोसे मोरिन्योची चेल्सी. सिटीच्या आनेल्काने पेनल्टीवर गोल केला आणि सिटीने १-० ने सामना मारला. त्या अख्ख्या हंगामात चेल्सी लीगमध्ये हरली ती एवढ्याच सामन्यात. सिटीचे जुने प्रेक्षक ही संध्याकाळ अजून रंगवून सांगतात.

त्याच सामन्यात सुनच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. हंगाम संपला.

ज्याने कधी गुडघा दुखावून घेतला असेल त्याला हे नीट कळेल. हाड मोडलं तर जुळतं. लिगामेंट फाटलं की शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने पाय सरळ करणं, वाकवणं, भिंतीला धरून जिना उतरायला शिकणं. राइट बॅकचा तर सारा खेळच गुडघ्यावर. समोरचा विंगर, म्हणजे कडेने चाल करणारा खेळाडू, आत वळला की त्याला त्याच क्षणी वळावं लागतं. परत आल्यावर शरीर वळतं, पण मन अर्धा क्षण घाबरतं, आणि तेवढ्यात समोरचा निघून गेलेला असतो. सत्ताविशीतला माणूस, घर दूर, आणि देशात लोक विचारतायत की हा दिसत का नाही. सुन परतला आणि आणखी तीन हंगाम प्रीमियर लीगच्या संघात राहिला. मला विचाराल तर बर्मिंगहॅमविरुद्धच्या त्या गोलपेक्षा हे मोठं.

२००८ च्या उन्हाळ्यात तो शेफिल्ड युनायटेडकडे गेला. १ सप्टेंबरला अबू धाबीच्या मालकांनी सिटी विकत घेतल्याची बातमी आली. पैशाचा पूर आला तेव्हा सुन नुकताच दाराबाहेर पडला होता.

शेफिल्डकडून मोजकेच सामने मिळाले. तिथून तो चेंगदूला आला. चेंगदूचा क्लब तेव्हा शेफिल्ड युनायटेडच्याच मालकीचा होता आणि नावही तिकडचंच, 'ब्लेड्स'.

मग सुरू झाला एक विलक्षण प्रवास. २०१० मध्ये तो शिआनच्या क्लबकडे गेला. २०१२ मध्ये मालकांनी आख्खा क्लबच उचलून दक्षिणेला ग्वीयांगला नेला. नाव झालं ग्वीझोउ रेनहे. खेळाडूने क्लब बदलला नाही, क्लबनेच गाव बदललं. आपल्याकडे बदलीच्या नोकरीत सरकार माणसाला हलवतं. तिथे कचेरीच हलली. शिआनमध्ये वर्षानुवर्षं गळा फोडून ओरडणाऱ्या माणसांचं काय झालं असेल?

ग्वीयांगमध्ये मात्र त्याला एक सुंदर संध्याकाळ लाभली. २०१३ चा चिनी एफए कप. अंतिम फेरीत समोर प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पींची ग्वांगझोउ एव्हरग्रांदे, महिन्याभरापूर्वीच आशियाई चॅम्पियन झालेली. ग्वीझोउने घरी २-० ने जिंकलं, तिकडे २-१ ने हार पत्करली आणि दोन्ही सामने मिळून एका गोलच्या फरकाने कप घेतला. सुन तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

त्यानंतर एक हंगाम चोंगचिंगला. तोवर रेनहेने पुन्हा बाडबिस्तरा आवळला होता, या वेळी बीजिंगला. सुन शेवटचं वर्ष त्याच क्लबकडे परतला आणि २०१६ मध्ये थांबला.

(पडद्यावर: मँचेस्टरचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय.)

निवृत्तीच्या आधीच, ऑक्टोबर २०१५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग ब्रिटनच्या दौऱ्यावर असताना सुनला इंग्लिश फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं. इंग्लंडमध्ये अनेकांनी नाकं मुरडली. राजकारणासाठी दिलेला मान, असं उघड म्हटलं गेलं. दोनच महिन्यांत चिनी गुंतवणूकदारांनी सिटीच्या मूळ कंपनीतला १३ टक्के हिस्सा ४० कोटी डॉलरना घेतला, तेव्हा टीकाकारांना आणखी जोर चढला.

मानाची वेळ राजकारणाने ठरवली, हे मलाही मान्य आहे. पण ते १३० सामने कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने खेळून दिलेले नाहीत.

आता पुन्हा त्या १ जानेवारीकडे वळू. समोरच्या संघातला ली तिए पुढे चीनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. डिसेंबर २०२४ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. एकाच प्रांताची दोन पोरं.

आणि क्लब? सुन एकूण सात क्लबांकडून खेळला. तीन इंग्लिश: पॅलेस, सिटी, शेफिल्ड युनायटेड. तिन्ही शंभरी ओलांडलेले, तिन्ही आजही उभे. चार चिनी: दालियान, चेंगदू, रेनहे, चोंगचिंग. चारांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. कुठे मालक बुडाला, कुठे पैसा आटला, कुठे कुणाला रसच उरला नाही. एव्हरग्रांदेचा तो बलाढ्य ग्वांगझोउही जानेवारी २०२५ मध्ये बंद पडला. चीनमधल्या कुठल्या क्लबच्या दारात जाऊन 'मी इथे खेळायचो' असं सुनला सांगायचं झालं, तर दारच शिल्लक नाही.

(पडद्यावर: मातीचं मैदान. दहा-अकरा वर्षांची मुलं, मोठ्या मापाच्या जर्सी.)

सध्या सुन मुलं शोधत फिरतो. मोठ्या अकादम्यांची नजर पोचत नाही अशा प्रांतांत जाऊन तो पोरांच्या चाचण्या घेतो आणि निवडलेल्यांना शिकवतो. या उपक्रमाचं नाव 'हायश्वान वेइलाय'. 'हायश्वान' म्हणजे सर्वांना दार उघडं ठेवून केलेली निवड आणि 'वेइलाय' म्हणजे येणारा काळ. त्यातलं 'हाय' हे अक्षर तेच, त्याच्या नावातलं, दालियानच्या समुद्राचं.