टपावरचं ऊन किती किलोमीटर नेतं?

(दृश्य: उभ्या गाडीचा टप वर सरकतो, दोन्ही बाजूंची पॅनेलं उघडतात)

हे उन्हावर चालणारं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर. आधी त्याचा टप वर उचलला जातो. मग दोन्ही बाजूंनी पॅनेलं बाहेर येतात. गाडी रस्त्यावर धावत असते तेव्हा या टपावर ८.८ चौरस मीटर सौर पॅनेल असतं. आता ते १७.५ चौरस मीटर झालं. आणि टप वर गेला म्हणून आतला माणूस ताठ उभा राहू शकतो. घराची उंची आणि घराची वीज, दोन्ही एकाच हालचालीत वाढली. हा आराखडा करणाऱ्यांना दाद द्यायलाच हवी.

ही 'स्टेला व्हिटा'. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये ती बांधली. आत दोघांपुरता पलंग आहे, बसायला जागा आहे, ओटा आहे, शॉवरही आहे.

(दृश्य: कार्यशाळा; हलक्या सांगाड्यावर काम करणारे हात)

या विद्यार्थी-संघाची मुळं शर्यतीत आहेत. ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड असं सुमारे ३००० किलोमीटरचं अंतर सूर्यशक्तीवर कापणारी 'वर्ल्ड सोलर चॅलेंज' भरते. तिच्यात क्रूझर नावाचा एक गट आहे. या गटात नुसता वेग पुरत नाही, माणसं वाहून नेणारी, वापरता येईल अशी गाडी लागते. २०१३, २०१५, २०१७ आणि २०१९, चारही वेळा या गटात आइंडहोव्हनची गाडी पहिली आली. त्या शर्यतींनी संघाला जे शिकवलं ते या सांगाड्यात दिसतं: पॅनेल वाढवण्याआधी वजन उतरवायचं, आणि वाऱ्याला अडणारी प्रत्येक कड घासून काढायची.

स्टेला व्हिटाचं वजन सुमारे १७०० किलो आहे. नेहमीचं मोटारहोम सहज ३५०० किलोच्या घरात जातं.

(दृश्य: महामार्ग, बाजूने धावणारी स्टेला व्हिटा)

आता हिशेब. बॅटरी ६० युनिटची. एवढ्या विजेवर ही गाडी ६०० किलोमीटर जाते, म्हणजे १०० किलोमीटरला १० युनिट. चांगलं ऊन असेल तर एका दिवसात ७३० किलोमीटर, असं संघ सांगतो. सगळीकडे हा ७३० चा आकडाच झळकला. आम्हाला मात्र त्यातले वरचे १३० महत्त्वाचे वाटतात, कारण ६०० आधीच भरलेल्या बॅटरीचे आहेत आणि सूर्याने त्या दिवशी दिलेले १३०. दुसऱ्या दिवशी बॅटरी रिकामी असली तरी ऊन पुन्हा तेवढंच देणार. कुठेही प्लग न लावता रोज १३० किलोमीटर! फिरायला निघालेल्या माणसाला याहून जास्त कशाला हवं?

२०२१ च्या सप्टेंबरात ती आइंडहोव्हनहून निघाली. ऑक्टोबरात स्पेनमधल्या तारिफाला, युरोपच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकाला पोहोचली.

(दृश्य: चौकोनी पेटीच्या आकाराचं मोठं मोटारहोम, वरून दिसणारा टप)

मग आपल्या ओळखीच्या मोटारहोमचं काय? सात मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. टप मोठा दिसतो, पण त्यावर हवेची झडप, काचेची खिडकी, एसीचं खोकं. पॅनेलला उरतात आठेक चौरस मीटर. आजची चांगली पॅनेलं चौरस मीटरमागे २०० वॅटच्या थोडं वर देतात, म्हणजे हे सगळं मिळून १.७ किलोवॅट. ती सपाट पडलेली असतात, सूर्याकडे झुकलेली नसतात. उन्हात तापून ६५ अंशांना पोहोचली की उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी घसरतं. सगळं वजा जाता चांगल्या दिवसाचे ७ युनिट धरू.

आणि असं जड, उभ्या कपाळाचं वाहन विजेवर चालवलं, तर १०० किलोमीटरला ४५ युनिट सहज खातं. सात युनिटांत पंधरा किलोमीटर.

(दृश्य: मीटरचा पडदा; पॅनेलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली सरकते, आकडा कोसळतो)

हे पाहा. एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली, आणि आकडा कुठून कुठे आला. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक ओवलेले असतात. एकाचा प्रवाह अडला की त्याची अख्खी ओळ बाद होते. बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या ओळीला वळसा देऊन प्रवाह पुढे नेणारा छोटा भाग, निदान बाकीच्या ओळी वाचवतो. म्हणून मुक्काम उन्हात करायचा, आणि आतला गारवा जाड इन्सुलेशनवर सोपवायचा.

बाजूच्या भिंतींनाही पॅनेलं लावून पाहिली गेली आहेत. २०१७ मध्ये जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने इव्हेको डेली या व्हॅनवर बांधलेल्या 'ई-होम'वर तब्बल ३१ चौरस मीटर पॅनेल होतं. मिळणारी वीज मात्र ३ किलोवॅटपर्यंतच. कारण सूर्य डोक्यावर असताना उभ्या भिंतीवर ऊन तिरपं पडतं, आणि एक बाजू तर बहुतेक वेळ सावलीतच असते.

(दृश्य: संध्याकाळ, इंडक्शनच्या शेगडीवर भांडं, दिवे, लॅपटॉप)

पण तेच ७ युनिट घरात आणा. फ्रिज दिवसाला एक युनिटही घेत नाही. इंडक्शनवरचा स्वयंपाक दीड युनिट. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, लॅपटॉप, सगळं मिळून आणखी एक. साडेतीन युनिटांत दिवस निघतो! गॅसची टाकी नको, धडधडणारा जनरेटर नको. पंधरा किलोमीटर किंवा दोन दिवसांचा संसार, असा हा सौदा आहे.

हिवाळ्यात ऊन कमी आणि हीटरची भूक मोठी, किंमत अजून जड, आणि बरीच चार्जिंगची ठिकाणं लहान मोटारींच्या मापाची: या अडचणी आहेतच.

(दृश्य: मोठ्या मोटारहोमची बाजूची पॅनेलं उघडली जातात)

आता याच जड गाडीला स्टेला व्हिटासारखं उघडणारं पॅनेल द्या. मुक्कामी ७ चे १४ युनिट होतात. घरखर्च वजा जाता रोज दहा-अकरा शिल्लक. चार दिवस एका जागी राहिलात, तर निघताना बॅटरीत जवळजवळ शंभर किलोमीटर जमलेले असतात. वेग ११० ऐवजी ८० ठेवला, तर हवेच्या विरोधावर दर किलोमीटरला जाणारी वीज जवळपास निम्मी होते आणि अंतर आणखी वाढतं.

मोटारहोम बांधणाऱ्यांकडे म्हणून आमचं एकच मागणं आहे. उघडणारी पॅनेलं पहिल्या आराखड्यातच काढा, आणि त्यांचं वजन फर्निचरमधून कमी करा.