सराफ्याचा ओटा

(दृश्य: इंदूर, सराफा बाजार, रात्र. शटर खाली ओढल्याचा आवाज.)

सोन्याचांदीची दुकानं मिटली आणि त्यांच्याच ओट्यांवर कढया चढल्या. इंदूरकरांना यात नवल ते काय! पण दिवसभर कोडशी झटापट करून इथे आलेल्याला ओट्यावर आपलंच दुखणं दिसतं, आणि चांगला कोड कसा रचावा याची पाच तत्त्वंही (SOLID). सराफाच्या तिजोरीला, कुलपाला हात न लावता नवा धंदा उभा राहिला. संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ मध्ये हेच मागितलं होतं: मॉड्यूल (प्रोग्रामचा सुटा भाग) नव्या भरीसाठी खुलं, आतल्या फेरफारासाठी बंद.

(दृश्य: भुट्ट्याचा कीस, ढवळणारा झारा.)

कीसवाला कीसच करतो. जिलबीचा पाक बिघडला तरी त्याची कढई उतरत नाही. क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेला कोडचा गठ्ठा, बदलायला एकच कारण असावं, असं प्रोग्रामर रॉबर्ट मार्टिन सांगतात. लोक याचा अर्थ ‘एकच काम’ असा घेतात आणि दोन-दोन ओळींचे क्लास पाडत सुटतात. खरं विचारायचं ते हे, की बदल सांगायला येणार कोण? कर बदलला तर हिशेबनीस येईल, बिलाची छपाई बदलायची तर काउंटरवाला. दोघांसाठी एकच क्लास उघडावा लागला, की एकाचं सावरताना दुसऱ्याचं मोडणार.

शेगडीला सिलिंडर कुठून आला हे ठाऊक नसतं. रेग्युलेटर बसला की झालं. मुख्य काम करणाऱ्या कोडनेही तसंच, डेटाबेसच्या नावावर न विसंबता ठरलेल्या जोडणीवर विसंबावं. आणि ही जोडणी आटोपशीर हवी; नुसती पाणीपुरी खाणाऱ्याला अख्ख्या थाळीचे पैसे कशाला?

अर्थात दोनशे ओळींच्या छोट्या प्रोग्रामसाठी एवढी मांडामांड म्हणजे एका कप चहासाठी भट्टी पेटवणं.

(दृश्य: साबुदाण्याच्या खिचडीची प्लेट, शेजारी कचोरी.)

सगळ्यात फसवं तत्त्व संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांचं, १९८७ चं: मूळ प्रकार जिथे चालतो, तिथे त्याचा उपप्रकारही बिनतक्रार चालला पाहिजे. समजा, ‘उपवासाचा पदार्थ’ हा क्लास. त्याचा उपप्रकार म्हणून त्यातून खिचडी काढली, ठीक. कुणी कचोरीही त्यातूनच काढली, कारण ‘ताटात वाढ’ ही मेथड, म्हणजे क्लासला सांगायचं काम, तिलाही आहे. कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, गप्प बसेल. एकादशीला आजी बसणार नाही.

मग कचोरी ठेवायची कुठे? ‘पदार्थ’ हा क्लास वर ठेवा, कचोरी थेट त्यातून काढा. ‘उपवासाला चालतो’ हा करार वेगळा, आणि त्यावर सही फक्त खिचडीची.

(दृश्य: दोन प्लेटा, दोन वेगळ्या ओट्यांवर.)