खुर्च्या भिंतीला टेकवू नका

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ज्येष्ठांसाठीच्या संकुलात घर बघताय, असं संयोजकांनी सांगितलं. म्हणून क्लबहाऊस बाजूला ठेवून मी खुर्च्यांबद्दल बोलणार आहे.

1950च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, वेबर्नच्या मनोरुग्णालयात वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड होता. रंग नवा, फर्निचर नवं, तरी बायका दिवसभर गप्प. तिथले प्रमुख हम्फ्री ऑस्मंड यांनी रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाला त्यात लक्ष घालायला सांगितलं. बऱ्याचशा खुर्च्या भिंतीला पाठ लावून रांगेत होत्या. शेजारणीशी बोलायचं तर मान वळवून अवघडायचं, समोरचीशी बोलायचं तर ओरडायचं. अशी रांग झाडलोटीला सोयीची, बसणाऱ्याच्या काहीच सोयीची नाही. सॉमर यांनी छोटी चौकोनी टेबलं आणली, भोवती खुर्च्या मांडल्या, टेबलांवर फुलं आणि मासिकं ठेवली. सुरुवातीला ते कुणालाच रुचलं नाही, खुर्च्या पुन्हा भिंतीकडे जायच्या. पण काही आठवड्यांनी मोजलं, तेव्हा आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालं होतं. माणसं तीच होती, हे कृपा करून लक्षात घ्या. ‘आमचे बाबा मुळातच अबोल’ असं म्हणण्याआधी बाबांची खुर्ची कुठे आहे ते बघा.

सॉमर यांना आणखी एक गोष्ट दिसली. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं सगळ्यात जास्त बोलतात. ऐकू कमी येत असेल तर याचं महत्त्व फार आहे, कारण ओठ दिसतात आणि अंतरही कमी राहतं. त्यात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काच असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो, श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला नुसता गोंगाट ऐकू येतो. जाड पडदे लावले तरी पुष्कळ फरक पडतो.

आता जागेचं. आपल्या चाळीत गॅलरीतून जाता-येता चार जण भेटायचे, त्यासाठी कुणी कार्यक्रम ठेवत नव्हतं. चाळीत खाजगीपणा नव्हता, तो मला परत आणायचा नाही. पण कामाला जाता-जाता भेट होणं हवंय. इमारतीच्या टोकाला बंद दाराचा हॉल असला, की आत कोण आहे हे कळत नाही, एकटं माणूस दारातूनच मागे फिरतं. म्हणून बैठक लिफ्टसमोर, टपालपेट्यांजवळ, वर्तमानपत्रं ठेवतात तिथे हवी. बाकाला पाठ आणि हात हवेत, हातांशिवाय गुडघेदुखीवाल्याला उठवत नाही, आणि उठवत नाही म्हणून तो बसतच नाही.

घर बघायला जाल तेव्हा नमुना फ्लॅट दहा मिनिटांत आटपा आणि संध्याकाळी पाचला खाली थांबा. लोक वॉचमनच्या केबिनपाशी उभे राहून बोलत असतील, तर बाक तिथेच मागा. आणि लॉबीतली खुर्ची एका हाताने सरकवून बघा. जड सोफे असतील तर ताबा घेण्याआधीच बदलून मागा, नंतर कुणी बदलत नाही.