दिवाळीपर्यंत राखलेला माळ

[दृश्य: येवला तालुका, राजापूर-ममदापूरचा माळ. सप्टेंबर, सकाळ.]

इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस इथे येईस्तोवर पाचशेच्या आसपास उरतो. मुरमाड जमीन, वर वीतभर माती. कागदोपत्री हे ‘पडीक’. काळविटाला मात्र असंच उघडं रान लागतं. इथे चर खोदून दाट झाडं लावण्याची हौस त्याच्या मुळावर येते.

[जवळून: एक मीटर बाय एक मीटर दोरीची चौकट]

उंच झुपके शेडा आणि पवन्या या गवतांचे. सखल, काळसर मातीत मारवेल गवत. झुपक्यांच्या मधे वाकून बघा: शेवरा, रानमूग, निळ्या टिकलीएवढी विष्णुक्रांता. उंच गवत चरलं गेलं की या बुटक्यांना ऊन मिळतं. चराई कायमची बंद केली तर वाळकं गवत साचून या फटी बुजतात, शिवाय वणव्याला आयतं सरपण.

[दृश्य: मेंढरांचा कळप]

बिघडतं ते वेळ चुकल्यावर. पहिल्या पावसाचा कोंब मुळांतल्या साठ्यावर फुटतो. तो साठा भरून यायला महिना-सव्वा महिना लागतो. नेमकी तेव्हाच मेंढरं इकडे असतात, कारण पश्चिमेच्या चिखलात त्यांचे खूर सडतात. कोंब पुन्हा पुन्हा खुडला गेला की झुपका मरतो. आधी शेडा-पवन्या जातात, टोकदार बियांचं कुसळी गवत पसरतं. त्यानंतरही चराईचा दाब राहिला, तर जनावर तोंड लावत नाही असा टाकळा आणि गाजरगवत.

[अगदी जवळून: कुसळीचं बी, तळहातावर पाण्याचा थेंब]

शेपटाला पीळ आहे. ओल लागली की तो उलगडतो, सुकला की पुन्हा वळतो, आणि टोकदार बी मातीत घुसतं. लोकरीत अडकलं तर कातडीतही. म्हणून कुसळी चारायची ती तुरे येण्याआधी, कोवळी असताना.

[दृश्य: विळ्यानं कापणी]

गायरानाचे चार तुकडे पाडा. दर पावसाळ्यात एक राखा, पाळी बदलत. उरलेल्या तिन्हींत कळप फिरता ठेवा. राखलेल्या तुकड्यात फुलोऱ्यात कापलं तर चारा सकस मिळतो, पण बी पडत नाही. तेव्हा निम्मंच कापा, विळा जमिनीपासून चार बोटं वर धरून. उरलेलं दिवाळीपर्यंत उभं राहू द्या. बी झडलं की मेंढरं सोडा. त्यांच्या खुरांनी ते मातीत दाबलं जातं.