‘बाय’नंतर काय लिहायचं?

इंग्रजी शिकवणाऱ्या मंडळींपुढे मी कपड्यांवर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटेल, हा तर पर्यावरणाच्या तासाचा विषय. माझं म्हणणं असं, की फास्ट फॅशनला, म्हणजे झटपट आणि स्वस्तात बनवून विकल्या जाणाऱ्या कपड्यांच्या विषयाला, इंग्रजीच्या तासाइतकी चांगली जागा नाही. ज्या वाक्यरचना आपण एरवी कोरड्या उदाहरणांवर घोटून घेतो, त्यांची इथे विद्यार्थ्याला खरोखर गरज पडते.

सुरुवात लेबलापासून करा. मात्र विद्यार्थ्यांना अंगावरच्या कपड्यांची लेबलं दाखवायला लावू नका. कोणी काय दर्जाचं घेतलं, कोणाचं वापरलेलं घातलं, हे वर्गापुढे उघडं पडता कामा नये. शिक्षकानेच तीन-चार जुने शर्ट सोबत न्यावेत. शर्ट उलटा केला की आतल्या शिवणीत लेबल सापडतं: देश, धाग्याची टक्केवारी, धुण्याच्या खुणा. ओव्हरलॉकची शिवण, म्हणजे कापडाची कड उसवू नये म्हणून घातलेली शिवण, बोटांनी चाचपू द्या. कॉलर, बाही, काजं. कारखान्याच्या लाइनवर यातलं एकेक काम एकेका माणसाकडे असतं आणि तो दिवसभर तेवढंच करतो. प्रौढांच्या वर्गात एखाद्याने हे काम स्वतः केलेलं असतं. असा विद्यार्थी भेटला तर खडू त्याच्या हातात द्या, शब्दसंग्रह तोच शिकवेल.

मग फळ्यावर वाक्य येतं: ‘धिस शर्ट वॉज मेड इन बांगलादेश.’ पॅसिव्ह व्हॉइस. पुढे ‘बाय’ लिहून थांबा. तिथे कोणाचं नाव लिहायचं, हे लेबल सांगत नाही.

इथे राणा प्लाझाची हकीकत सांगावी, आणि घाई न करता सांगावी. ढाक्याजवळच्या सावरमधली आठ मजली इमारत. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला मोठे तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कारखान्यांतल्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली. किमान १,१३४ माणसं गेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली.

‘द वर्कर्स वेअर टोल्ड टू कम बॅक.’ हे वाक्य ॲक्टिव्ह करून आणायला सांगा. कर्ता कोण? कारखान्याचे मॅनेजर? इमारतीचा मालक? की ठरल्या तारखेला माल हवाच म्हणणारे दूरचे खरेदीदार? वर्गात मतभेद होतात आणि ते इंग्रजीत होतात, कारण आता बोलण्यासारखं काहीतरी असतं. ‘शुड हॅव’, ‘कुड हॅव’ शिकवायला याहून योग्य वेळ मला माहीत नाही.

‘यूज्ड टू’साठी अरल समुद्र घ्या. १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी प्रामुख्याने कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं आणि समुद्र आटत गेला. उझबेकिस्तानातलं मोयनाक हे एके काळचं बंदर; आज तिथे वाळूत गंजलेली जहाजं उभी आहेत. ‘देअर यूज्ड टू बी अ सी हिअर.’ चित्र दाखवलं की वाक्य समजावून सांगावं लागत नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हा अंदाज त्यानंतर सांगावा. आधी सांगितला तर तो नुसता आकडा राहतो. पॉलिस्टर हे खनिज तेलापासून बनलेलं प्लास्टिक असतं आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, एवढं सांगितलं तरी पहिल्या पायरीला पुरे.

एक कळकळीची विनंती. स्वस्त कपडे घेणाऱ्याला अपराधी वाटेल असं काही बोलू नका. ज्याच्या हाती मोजकेच पैसे आहेत, त्याने या व्यवहाराचे नियम ठरवलेले नाहीत. रफू, बटण लावणं, शर्ट वर्षानुवर्षं वापरणं, हे अशा घरांतच जास्त येतं. त्यावर ‘हाऊ टू’ परिच्छेद लिहून घ्या.

शेवटचा गृहपाठ म्हणजे पत्र. राणा प्लाझानंतर ‘फॅशन रेव्होल्यूशन’ या चळवळीने ‘हू मेड माय क्लोद्ज?’ हा प्रश्न थेट कंपन्यांना विचारायला सुरुवात केली. तोच प्रश्न विद्यार्थ्यांनी आपापल्या शब्दांत लिहावा, आणि पत्र खरंच पाठवावं. उत्तर आलं तर तो पुढचा वाचनाचा पाठ. त्यात किती वाक्यांना कर्ता आहे, हे वर्गाने पेन्सिलीने खुणा करून शोधावं.